पण एकदा ठरलं होतं

आमच्या शेजारच्या काकूंनी एका अनोळखी माणसाला सांगितलेलं एक वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार, काकू गच्चीवर कुरडया उलटत होत्या. खाली बेल वाजली म्हणून आल्या, तर दारात घामाघूम झालेला एक तरुण, काखेत फोल्डर. शेजारच्या मुलीबद्दल थोडी माहिती हवी होती, म्हणाला. काकूंनी त्याला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "स्थळाचं का?" त्यावर तो "हो, म्हणजे तसंच" असं काहीतरी पुटपुटला म्हणे. मग त्याने विचारलं, मुलीला किती वर्षं ओळखता, वडील काय करायचे, शाळा कुठली, पुण्याला कधी गेली. आणि सगळ्यात शेवटी, मुलीचं आधी लग्न झालंय का?

काकू म्हणाल्या, "नाही." तिथे थांबल्या असत्या तर प्रश्नच नव्हता. पण काकू पुढे म्हणाल्या, "पण एकदा ठरलं होतं."

संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांनीच हे आईला सांगितलं, अगदी साळसूदपणे. "खोटं कशाला बोलायचं गं? साखरपुडा तर अख्ख्या आळीने जेवला होता." त्या माणसाने ते लिहून घेतलं की नुसतीच मान हलवली, हे काकूंना आठवत नव्हतं. मला मात्र तेवढंच जाणून घ्यायचं होतं. जर्मनीतल्या कुठल्यातरी कपाटात, माझ्या नावाच्या फाइलमध्ये, "एकदा ठरलं होतं" असं जर्मन भाषेत लिहिलेलं आहे का? (का मोडलं, ते इथे सांगत बसत नाही. काकूंना विचारा, त्या सांगतील.)

तो माणूस आला होता एका वकिलाकडून आणि त्या वकिलाला नेमलं होतं जर्मन वकिलातीने. कागदांवर अपोस्टिल नावाचा शिक्का मारून घेतला की ते परदेशात चालतात, असं सगळे सांगतात आणि ते बऱ्याच देशांपुरतं खरंही आहे. भारत २००५ साली त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. पण जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे आपला तो देखणा शिक्का तिथे कोणी बघत नाही. तिथल्या कचेरीला भारतीय कागदाची खात्री हवी असेल, तर कागद जिथे जन्मला तिथे माणूस पाठवून खात्री करतात. खर्च अर्थात आपला. टोबियासला, म्हणजे माझ्या होणाऱ्या जर्मन नवऱ्याला, त्याच्या गावच्या, म्हणजे ल्युबेकच्या विवाह नोंदणी कचेरीकडून एक दाखला हवा होता, की हा माणूस लग्नाला मोकळा आहे आणि या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. मला वाटलं होतं, त्याच्या दाखल्यासाठी त्याची तपासणी होईल. पण लग्नाला दोन माणसं लागतात, तेव्हा तपासणी दोघांची. त्याची एका संगणकावर झाली. माझी आमच्या आळीत.

मला आधी एक लांबलचक प्रश्नावली भरायला दिली होती. राहिलेले सगळे पत्ते, शाळा, कॉलेज, मला ओळखणारे शेजारीपाजारी. काकूंचं नाव मीच दिलं होतं. दुसरं कोणाचं देणार? लहानपणी आई शाळेत असायची तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून पाढे म्हटलेत.

आमच्या घरात चौकशीला मोठा मान. आत्याच्या वेळी आजोबा मुलाच्या गावी जाऊन दोन दिवस राहिले होते आणि मुलाच्या घराकडे फिरकलेही नव्हते. किराणा दुकान, पिठाची गिरणी, न्हावी, शाळेतला शिपाई, एवढ्यांशी बोलून परत आले. गिरणीवर सगळं कळतं, असं त्यांचं मत. कोणाकडे दळण महिन्याच्या शेवटी निम्मं होतं, कोणाची सून स्वतः डबा उचलते, कोणाकडे उधारी. बाबाही त्याच वळणाचे. बहिणींच्या, भाच्यांच्या, मित्रांच्या मुलींच्या स्थळांची चौकशी करायला लोक बाबांनाच पाठवायचे, कारण बाबा विचारतात असं समोरच्याला वाटत नाही. माझ्या त्या मोडलेल्या लग्नाची चौकशीही बाबांनीच केली होती, कऱ्हाडला जाऊन, आणि उत्तम निघाली होती.

मला या सगळ्याची चीड होती. पुण्यात नोकरीला लागल्यावर, चाकणच्या त्या कारखान्यात टोबियास भेटल्यावर, आणि मग दोन वर्षांनी तो परत गेल्यावरही आमचं हे नातं संपणार नाही असं लक्षात आल्यावर, मनातल्या मनात एक समाधान होतं की माझ्या लग्नात कोणी पिठाच्या गिरणीवर जाणार नाही. आणि मग एक आख्खं राज्य गिरणीवर आलं. आजोबांपेक्षा बारकाईने. शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत, नगरपालिकेच्या जन्मनोंदीपर्यंत. त्या नोंदीत माझं नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री' एवढंच होतं, आणि ते नाव घालून घेण्याची कहाणी इतक्या जणांची सारखीच आहे की ती मी सोडून देते.

चीड आली का? आली. पण काकूंनी त्या पोराला माठातलं पाणी दिलं, हे ऐकल्यावर ती धड टिकली नाही.

बाबांची अडचण वेगळीच होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ल्युबेकमध्ये आपलं कोण आहे?" कोणीच नव्हतं. कोणाच्यातरी भाच्याचा मित्र म्युनिकला होता, पण ते दुसऱ्या टोकाला, पुण्याहून नागपूरपेक्षाही लांब. बाबांनी नकाशा काढून बघितला आणि मिटवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जावयांची माहिती काढलेल्या माणसाला स्वतःच्या जावयाबद्दल काहीही काढता येत नव्हतं. त्यांचं सरकार आपल्या आळीत माणूस पाठवू शकतं, आपण त्यांच्या आळीत कोणाला पाठवणार? काही महिन्यांनी टोबियासचा तो दाखला आला. एकच पान. दोघांची नावं, जन्मतारखा, जन्मगावं, शिक्का, आणि खाली एक ओळ की हा दाखला सहा महिनेच चालेल. बाबांनी भिंग घेऊन तो दोन्ही बाजूंनी बघितला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच?" ते म्हणाले. "यात स्वभाव कुठंय?"

मग टोबियास आला, आठवडाभर आमच्या घरी राहायला. आणि बाबांच्या हाती अचानक भारत सरकार लागलं. परदेशी माणूस घरी मुक्कामाला असेल तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवायची असते, फॉर्म सी म्हणतात त्याला. हॉटेलवाले रोज भरतात. घरगुती माणसांना ते सहसा माहीतही नसतं. बाबांना कोणीतरी सांगितलं. मग ते आधीच पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथल्या हवालदारसाहेबांनी विचारलं, "काका, हॉटेल काढलं का काय?" बाबा म्हणाले, "जावई येतोय." पोर्टलवर घरमालक म्हणून नोंदणी, त्याची मंजुरी, पासवर्ड, सगळं त्यांनी आठवडाभर आधी उरकून ठेवलं होतं. टोबियास आला त्याच दिवशी त्याला संगणकासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात कधी उतरला, कुठून आला, इथून पुढे कुठे जाणार. टोबियास एकेक सांगत होता. 'येण्याचा उद्देश' या रकान्यापाशी बाबा थांबले, चष्म्यावरून बघत म्हणाले, "पर्पज?" टोबियासने माझ्याकडे बघितलं. आतून आई म्हणाली, "लिहा काहीतरी, पोहे गार होतायत."

पोहे झाल्यावर फॉर्म पुढे सुरू झाला. वडील काय करतात. भावंडं किती. ल्युबेकचं घर स्वतःचं की भाड्याचं. भाडं किती. आजीला कुठला आजार होता. मी बाबांच्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होते. यातलं काहीही फॉर्मवर नव्हतं. घर स्वतःचं की भाड्याचं, हे भारत सरकार विचारत नाही. पण टोबियास जर्मन, फॉर्मला खोटं सांगायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो आठवून आठवून, नीट, खरं सांगत होता. मी काही बोलले नाही. बाबांनी अगदी सहज, कीबोर्डवर बोटं ठेवूनच विचारलं, "प्रीव्हियसली मॅरिड?"

"नो," टोबियास म्हणाला. आणि जरा थांबून, फॉर्म अपुरा राहू नये म्हणून, "बट आय लिव्ह्ड विथ समवन. फोर इयर्स."

बाबांनी मान डोलावली, आणि काहीच टाइप केलं नाही.

त्या संध्याकाळी टोबियासने प्रिंट काढलेला फॉर्म वाचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने तो कागद त्याच्या फाइलमध्ये, कप्प्यात घालून ठेवला. ल्युबेकच्या घरात आजही आहे, पगाराच्या पावत्या आणि घराचा करार यांच्या मध्ये.

लग्न पुण्यात झालं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य लागतं, ते माझं होतंच. मग नोटीस, मग तीस दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर लग्न, तेही नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. तीन साक्षीदार. एकीकडे त्या दाखल्याचे सहा महिने संपत आलेले, दुसरीकडे टोबियासची रजा, या कात्रीत तारीख बसवताना आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर जितकं भांडलो तितकं नंतर कधी भांडलो नाही. नोटीस बोर्डावर आमचं नाव लागलं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. काचेच्या आत जोडप्यांचे कागद टाचलेले, काही फोटो उन्हाने पिवळे पडलेले. एक गृहस्थ दर आठवड्याला येऊन बोर्ड वाचून जातात, असं शिपाई म्हणाला. त्यांची मुलगी हरवलीय की त्यांना दुसरा उद्योग नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हरकत कशावर घेता येते ते कायद्यात लिहिलंय: पहिला जोडीदार हयात असणं, वय, मनाची अवस्था, वर्ज्य नातं. मी ती यादी शांतपणे वाचली. 'एकदा ठरलं होतं' त्यात बसत नाही.

नवऱ्याकडे जायला व्हिसा, आणि व्हिसासाठी जर्मनची पहिली परीक्षा. २००७ पासून हा नियम आहे: येणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला ए-वन पातळीची भाषा यायलाच हवी. काही प्रकारच्या नोकरदारांच्या जोडीदारांना सूट आहे, जर्मन नागरिकाच्या बायकोला नाही, हे ऐकून आमच्या वर्गात सगळ्यांनाच गंमत वाटली. वर्गात बहुतेक नवीन लग्न झालेल्या मुली. एक नगरकडची होती, तिचा नवरा तिकडे एका भारतीय हॉटेलात आचारी. लग्नानंतर दोघं जेमतेम तीन आठवडे एकत्र राहिलेले. ती वहीत जर्मन शब्द देवनागरीत लिहायची आणि बसमध्ये घोकायची. परीक्षेत तोंडी भागात स्वतःची ओळख करून द्यायची, नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर सांगायचं. लेखी भागाचा पहिला प्रश्न तर मला फार आवडला. दुसऱ्या कोणाची तरी माहिती दिलेली असते, ती वाचून एक फॉर्म भरायचा. रिकामे रकाने पाच. परक्या देशाने बायकोची घ्यायची पहिली परीक्षा हीच असेल, तर ती प्रामाणिक आहे म्हणायची. पुढे तिथे सगळ्यात जास्त तेच करावं लागतं. शंभरात साठ मिळाले की पास. नगरची मुलगी एकोणसाठवर अडकली आणि पुन्हा बसली. दुसऱ्या वेळी पास झाली, आणि मला तिचा फोन आला तेव्हा ती फक्त रडत होती, कुठल्याही भाषेत नाही.

त्या दिवसांत मला परमवीरचक्राचं रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांची फार आठवण यायची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी, विक्रम खानोलकर या तरुण लष्करी अधिकाऱ्यासाठी इकडे आली आणि १९३२ साली लखनौला लग्न करून सावित्री झाली. ती मराठी, संस्कृत शिकली ती आवडीने, साठ गुण मिळवायला नव्हे. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात, १९१४ च्या, एक सोपं कलम होतं: ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजाजन, परक्याची बायको ती परकी. लग्न लागलं की बाई नवऱ्याच्या रकान्यात. किती सोयीचं, असं रांगेत उभी असताना मला वाटायचं. मग त्याच कलमाची दुसरी बाजू दिसायची. लंडनमध्ये जन्मलेली बाई परदेशी माणसाशी लग्न करून आपल्याच देशात परकी व्हायची, तिला काही न विचारता. तो कायदा पुरता बदलायला १९४८ उजाडावं लागलं. चौकशी नको म्हणताना मला हे हवं होतं का? माझ्याबद्दल काकूंना विचारलं, शाळेला विचारलं, मला चार पानांची प्रश्नावली दिली. विचारलं तरी.

अर्थात हे शहाणपण व्हिसाच्या मुलाखतीच्या सकाळी सुचत नाही. त्या सकाळी पोट बिघडलेलं असतं.

ल्युबेकला आल्यावर वर्षभराने आईबाबांना बोलावलं. त्यांच्या व्हिसासाठी टोबियासने परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र करायचं ठरवलं: या दोघांचा राहण्याजेवण्याचा, औषधपाण्याचा सगळा खर्च मी करीन, आणि सरकारला करावा लागला तर भरून देईन. पगाराच्या पावत्या दाखवल्या, २९ युरो फी भरली, हमीपत्र मिळालं. त्याला हे अगदी साधं काम वाटत होतं. मी फोनवर बाबांना मजकूर वाचून दाखवला आणि पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. आमची आजी आत्याच्या घरी, आत्याला मुलगा होईपर्यंत, पाणी प्यायली नव्हती. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही. बाबा ते मानत नाहीत, असं ते म्हणतात. पण जावयाने सासऱ्याला पोसण्याची हमी सरकारदरबारी, सहीशिक्क्यानिशी द्यायची, हे त्यांच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं. "विमा काढतोच आहोत की तीस हजार युरोचा," ते म्हणाले. "मग हमी कसली?" विमा वेगळा, हमी वेगळी, मी सांगितलं. "माझी पेन्शन दाखव." बाबांची पेन्शन दाखवून भागलंही असतं कदाचित, पण टोबियास पावती घेऊन आला होता.

ते आले, तीन आठवडे राहिले, आई नदीकाठी रोज फिरली. बाबांनी दूध आणि ब्रेड आणायचं काम पहिल्याच दिवशी स्वतःकडे घेतलं, आणि निघताना टोबियासच्या हातात एक पाकीट दिलं. आहेराचं, लाल-सोनेरी, वर एक रुपया चिकटवलेला. आत २९ युरो. टोबियासला वाटलं ही काहीतरी प्रथा आहे. त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून नमस्कार केला. मी काही समजावून सांगितलं नाही.

आता नवीन कागद आलेत. जर्मन माणसाच्या नवरा-बायकोला तिथे तीन वर्षं राहिल्यावर, लग्नाला दोन वर्षं झाली असतील तर, नागरिकत्व मागता येतं. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. आपल्याकडे मात्र दुसरं घेतलं की पहिलं गेलं. मग ओसीआय कार्ड, परदेशी झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते, म्हणजे यायला-जायला मोकळीक, मत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. टोबियास म्हणतो, तुझं तू ठरव. मी ठरवलेलं नाही. बाबांनी ठरवलंय. परवा फोन केला तर ते आधीच तलाठ्याला भेटून आले होते.

"ओढ्याकडचं वावर तुझ्या नावावर करतो," ते म्हणाले. "नंतर तुला बक्षीसही देता येणार नाही, मी विचारलंय. मुलीला बक्षीसपत्राला दोनशे रुपयेच मुद्रांक लागतो. सात-बाऱ्याला नाव लागलं की मग हो काय व्हायचं ते."

"मी काय करू बाबा त्या वावराचं?"

"काही करू नको. नाव राहू दे."

"दादाला विचारलं का?"

"तो काय हरकत घेणार?"

"पण विचारलं का?"

"विचारतो की," बाबा म्हणाले. "फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवस असतात."